ज्यानं भंडार उचलला नव्हता

आमच्या वडिलांचा पक्ष कायम विरोधातला आणि साखर कारखाना सत्तेवाल्यांच्या हातात. त्यामुळं ऊसतोडीची टोळी आमच्या रानात सगळ्यात शेवटी यायची. उसाला तुरे फुटायचे, वजन घटायचं, तरी वडील हटले नाहीत. त्यांच्या जोडीला गावातले पिंजारीचाचा. आमच्या गाद्यांचा कापूस तेच पिंजायचे आणि निवडणूक आली की वडिलांच्या सायकलीवर मागं बसून गावोगाव फिरायचे. देवाला राजकारणात ओढायचं नाही, हे दोघांचं एकमत होतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या निवडणुकीत तालुक्याचे पुढारी म्हणाले, लोक भाषणाला टाळ्या देतात, मत मात्र देवाच्या भीतीनं देतात. मग आमच्या पक्षानंही गावाला खंडोबाच्या देवळात बोलावलं. बेलभंडार हातात घेऊन शपथ घ्यायची, मत आपल्यालाच. वडिलांना हे पटलं नव्हतं, तरी पहिला हात त्यांनीच पुढं केला. मागोमाग माझ्या चुलत्यांनी. चाचा चप्पल काढून रांगेत उभे होते. वडील त्यांना म्हणाले, "तुला कशाला रं शपथ? तुझ्यावर इस्वास हाय."

चाचा हसून बाजूला झाले. वडील मायेनंच बोलले होते. त्या मायेचा मला अजून राग येतो.

आमचा उमेदवार पडला, तोही आमच्याच गावात मतं कमी पडून. पारावर हिशेब लगेच जुळला. भंडार उचललेला माणूस फुटणार नाही, मग उरलं कोण? एका माणसाच्या मतानं एवढा फरक कसा पडेल, असं कुणी विचारलं नाही. त्यांची सगळी गल्लीच फुटली म्हणाले.

त्या हंगामात ऊसतोडीची टोळी सगळ्यात आधी चुलत्यांच्या रानात उतरली. उसाच्या गाड्या सगळ्या गावानं पाहिल्या. आई जेवायला वाढताना म्हणाली, "आवं, चाचांसाठी पारावर एकदा तरी बोला की."

"सख्ख्या भावानं देवाची आण मोडली म्हणून गावाला सांगू व्हय?" वडील म्हणाले आणि ताटावरून उठले.

ते बोलले नाहीत. चाचांकडं गावाचा कापूस जायचा बंद झाला. त्यांच्या घरावरून जाताना कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज यायचा नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

पुढं पंचायत समितीची निवडणूक आली आणि पुन्हा देवळात बेलभंडाराचं ताट मांडलं गेलं. चाचा धुतलेली टोपी घालून आले. कुणी बोलवायच्या आत त्यांनी भंडाराची मूठ भरून घेतली आणि वर धरली.

"आता तरी मला तुमच्यात धरा," ते म्हणाले.

वडिलांनी ताटाकडं पाहिलं. ताटाशेजारी माझे चुलते उभे होते. त्यांनीच चिमूटभर भंडार घेऊन चाचांच्या कपाळाला लावला.