मागच्या बोळातली भिंत

महाडला सावित्रीचं पाणी उतरलं तेव्हा श्रीपतच्या घराला बाहेरून, खिडकीच्या वरपर्यंत, चिखलाची रेघ उमटली होती. आतला गाळ उपसायला बाहेरगावची पोरं फावडी घेऊन आली, शेजारी आले, मुलगी दीप्ती नवऱ्याला घेऊन आली. बाहेरच्या भिंतींकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. उरलेला पावसाळा त्या तशाच भिजत राहिल्या. मागचा बोळ तर जेमतेम एक माणूस जाईल एवढा. तिथे ऊन पोचत नाही. तिथल्या चिखलावर हिरवं शेवाळ चढलं.

श्रीपत एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या पाळीत कधी कुणाला इजा झाली नाही. हे तो स्वतः बोलत नसे, त्याची बायको मंजुळा सांगायची. मंजुळा अंगणवाडीत मदतनीस होती. विहारात वंदना तीच सुरू करायची, कारण तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा.

पूर होता तो सगळा वेळ दोघांनी शेजारच्या आनंदीबाईंच्या स्लॅबवर बसून काढली होती. मंजुळा म्हणायची, "ती रेघ दिसली की परत पाणी चढताना दिसतं. ती काढा आधी."

पाऊस थांबल्यावर श्रीपतने ओळखीच्या राजेंद्र गवंड्याला बोलावलं. राजेंद्रने भिंत ठिकठिकाणी ठोकून पाहिली.

"साधं पाणी नि नरम ब्रश," तो म्हणाला. "नाय निघालं तर साबणाचं पाणी. प्रेशरचं मशीन नको, गिलावा आतून सुटलाय, ढपले पडतील. ॲसिड तर नकोच, सिमेंट खातंय."

"आणि शेवाळाला?" मंजुळाने विचारलं.

"ब्लीचिंगचं पाणी, पातळ करून. मारा आणि धुऊन टाका."

पुरानंतर वाटलेली ब्लीचिंग पावडर घरात पडून होतीच.

पुढची भिंत ब्रशने निघाली. मागची निघेना. तांबूस डाग गिलाव्यात मुरले होते. श्रीपतचा खांदा भरून आला, आणि रोज तेच घासून तो कंटाळला. एका सकाळी तो बाजारातून फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आला. खालच्या कोब्यालगतच लावू, लगेच धुऊन टाकू, असा त्याचा हिशेब. मंजुळाला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने राजेंद्रचे शब्द पुन्हा ऐकवले असते.

त्याने बोळात ॲसिड ओतलं, भिंतीला फासलं आणि धुवायला पाणी आणायला घराच्या पुढच्या बाजूला गेला. पिंप रिकामं होतं. नळाला बारीक धार होती, म्हणून तो बादलीपाशी थांबला. तेवढ्यात मंजुळा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ब्लीचिंगची बादली घेऊन बोळात उतरली. ओली भिंत बघून तिला वाटलं, नवऱ्याने पाणी मारून ठेवलंय. तिने बादली भिंतीवर रिकामी केली आणि शेवाळ खरवडायला खाली बसली.

नळापाशी श्रीपतच्या नाकात क्लोरीनचा वास शिरला; ॲसिडवर ब्लीचिंग पडलं होतं. कारखान्यात आयुष्यभर तो वास आला की तो माणसांना बाहेर काढत आला होता. त्याने टॉवेल नळाखाली भिजवून तोंडाला बांधला आणि धावला. मंजुळा भिंतीला धरून उठायला बघत होती, पण तिला श्वास घेता येत नव्हता. त्याने तिला काखेत धरून ओढत रस्त्यावर आणलं. आनंदीबाईंनी रिक्षा थांबवली.

आधी महाडला, मग मुंबईला दवाखाना झाला. मंजुळा घरी आली, पण तिची फुप्फुसं कायमची अधू झाली. ती विहारात जायची, भिंतीशी खुर्चीवर बसायची, ओठ हलवायची. वंदना दुसरी बाई सुरू करायची.

एकदा श्रीपत म्हणाला, "माझ्या हातनं झालं हे."

"बादली मी ओतली."

"तुला ठाव नव्हतं."

"मग सांगायचंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एवढं बोलूनही तिला धाप लागली.

पुढच्या पावसाळ्यात छातीत संसर्ग झाला आणि मंजुळा गेली. पुण्यानुमोदनाला आलेल्या दीप्तीने घर बाहेरून रंगवून घेऊ म्हटलं. श्रीपतने हो म्हटलं. राजेंद्रने मागचा सगळा गिलावा काढला, नवा केला, वर रंग दिला. आता तिथे काही दिसत नाही. श्रीपत मागच्या दाराने जात नाही.

दर पावसाळ्यानंतर आळीत भिंती, ओटे धुवायचे दिवस येतात. श्रीपत दारोदार फिरतो. बादलीत काय आहे, त्याआधी काय लावलं होतं, विचारतो. नवीन राहायला आलेल्यांना त्याचा त्रास होतो. कुणी तोंडावर बोलतंही. तो ऐकून घेतो आणि पुन्हा विचारतो. आनंदीबाई मात्र त्याला बघितलं की हातातला ब्रश खाली ठेवतात.

"नुसतं पाणी हाय, भाऊ," त्या म्हणतात.

तो वाकून बादलीचा वास घेतो, आणि पुढच्या घराकडे वळतो.