एकटीची कणीक

आमचे हे गेले तेव्हा शिरूरच्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने मला एकच गोष्ट सांगितली. "आता स्वयंपाकाचा व्याप कमी झाला हो. एकटीला लागतं कितीसं!" असं म्हणायचं, डोळ्यांना पदर लावायचा, आणि स्वयंपाकघराकडे बघत थांबायचं. चहा आल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

हे एसटी डेपोत मेकॅनिक होते. शेवटी शेवटी डॉक्टरांनी त्यांचं गोड पूर्ण बंद केलं होतं. चहासुद्धा बिनसाखरेचा, आणि त्यावरून रोज सकाळी आमची वादावादी. त्यांच्या तेराव्याला माझ्या दिरांनी बुंदीच्या कढया उतरवल्या. "बुंदी कमी पडली तर लोक नावं ठेवतील," असं ते मांडवात दहा जणांना ऐकवत होते. लोकांनी नावं ठेवली नाहीत. पोटभर खाल्लं, ढेकर दिले आणि मोटारसायकलींना किक मारून निघून गेले. भांडी मात्र माझ्या मोरीत राहिली.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेव्हा माझं पुढं काय, हा प्रश्न माझ्याखेरीज सगळ्यांना पडला. महिनाभराने दीर पुन्हा आले. ते कासुर्डीला असतात. बागायती शेती, गोठाभर गाई, दोन मुलं, सुना, नातवंडं. सतरंजीवर बसून म्हणाले, "वैनी, हितं एकटीनं काय करताय? कासुर्डीला चला. आमच्यातलेच दोन घास खावा."

मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घर खायला उठलं होतं. मी पिशवी भरली आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या जाऊबाईंचे गुडघे धरले. इतके दिवस ते बरे होते. मग धाकट्या सुनेची पाठ धरली. मोठी सून गोठ्यात, आणि मी चुलीपुढं. सकाळी भाकरींची चळत, दुपारी चळत, संध्याकाळी पुन्हा. गावातलं कोणी आलं की दीर मोठ्या आवाजात सांगायचे, "वैनीला घिऊन आलोय. म्हातारपणी आधार नको का?" कोणी कोणाला आधार दिला होता, ते माझ्या हाताच्या पोळलेल्या बोटांना विचारायला हवं होतं. समोरचा माणूस मान डोलवायचा. गावात माझ्या दिरांच्या मोठ्या मनाची चर्चा झाली म्हणे.

एक दिवस दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर मी माझ्यासाठी गरम भाकरी थापायला घेतली. जाऊबाई बाजेवरून म्हणाल्या, "अक्का, पीठ कशाला मोडताय? सकाळच्या हायेत की दोन भाकरी टोपल्यात. तुम्हाला चालतंय, तुम्हाला सवय हाय."

सवय होतीच. आमच्या ह्यांना शिळं चालत नसे. सकाळची पोळी संध्याकाळी ताटात दिसली, की ताट हाताने पुढं सरकवायचे. मग ती पोळी मी खायची, चहात बुडवून, ओट्याशी उभ्या उभ्या. माझ्या सासूबाईही तसंच खायच्या. हा कायदा कोणी केला ते ठाऊक नाही, पण करणाऱ्याच्या ताटात गरम भाकरी असणार एवढं नक्की.

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, फुगू दिली, खाली बसून खाल्ली. मग हात धुतले आणि म्हणाले, "सवय आहे, खरंय. आवड नाही." पिशवी भरली, चौफुल्यावर आले आणि न्हावऱ्यावरून जाणारी शिरूरची गाडी धरली. जाऊबाई दारापर्यंत आल्या होत्या, चांगल्या झपझप चालत.

घरी आल्यावर संध्याकाळी कणीक मळायला बसले, तर ती दोघांचीच झाली. हाताला दुसरं मापच ठाऊक नव्हतं. पोळ्या लाटल्या, निम्म्या उरल्या. त्या उरलेल्या पोळ्यांकडे बघून मला जे रडू आलं, ते तेराव्यालाही आलं नव्हतं. तेव्हा बुंदी वाढायची घाई होती.

सकाळी त्याच पोळ्या हातात घेतल्या. चहाचं भांडं चढवायला गेले आणि थांबले. वाढायला कोणी नव्हतं, मग मी उभी का होते? पोळ्या बारीक कुस्करल्या. कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. फोडणी सढळ. वरून कोथिंबीर, लिंबू. ताट घेतलं, पाट घेतला, बसले. आयुष्यभर खाल्लेल्या पोळ्या त्या दिवशी पहिल्यांदा चवीनं खाल्ल्या.

शेजारीण खिडकीशी आली. "फोडणीचा वास आला. कोण पाहुणे?"

"कोणी नाही. मीच."

ती अशी बघत राहिली, जणू मी विधवा झाल्यावर मोहरीसुद्धा तडतडायला नको होती.

मग मी बाजारात लहान पातेलं घ्यायला गेले. भांडीवाला हसला. "आजी, भातुकलीतलं पायजे का?" मी म्हटलं, "नाही, खऱ्या भुकेचं पाहिजे. लहान आहे, पण खरी आहे." त्यानं फडताळातून काढून दिलं. त्यात आमटी उरली तर दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात जायची, भात उरला तर ताक घालून लसणाची फोडणी, पिठलं उरलं तर थापून वड्या. उरायचंच. माप यायला फार दिवस लागले, आणि ज्या दिवशी ते बरोबर आलं त्या दिवशी मला आनंद झाला नाही.

पावसाळ्यानंतर दीर मार्केट यार्डात कांदा घेऊन आले आणि ऐन जेवणाच्या वेळी दारात उभे राहिले. मी पिठल्याच्या वड्या तळल्या होत्या आणि पोळीचा कुस्करा केला होता. ताट वाढलं. ते खाता खाता जाऊबाईंच्या गुडघ्यांचं सांगत होते, म्हणजे मला परत न्यायला आले होते. मध्येच म्हणाले, "वैनी, लई भारी झालंय. काय म्हंत्यात ह्याला? आनखी हाय का?"

मी आणखी वाढलं. "कालच्या पोळ्या आहेत. वड्या कालच्या पिठल्याच्या."

त्यांचा हात थांबला. "शिळं वाढलं व्हय मला?"

"मी तेच खातेय, भाऊजी. आमच्यातलेच दोन घास."

ते पाणी प्यायले. ताट सरकवावं की संपवावं, हे त्यांना ठरवता येईना. भूक लागली होती आणि चव कळली होती. शेवटी खाली मान घालून संपवलं. परत नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. कासुर्डीत मात्र जाऊबाईंनी घरोघर सांगितलं, की अक्कांनी आमच्या मालकांना शिळं घातलं. त्या घरात माझ्या ताटात काय पडत होतं, हे कुणी विचारलं नाही.

पुढं त्यांनी भाकरीला एक बाई ठेवली. जाऊबाईंनी तिला टोपल्यातल्या सकाळच्या दोन भाकरी दिल्या, तर तिनं त्या गाईपुढं टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. हे मला मोठ्या सुनेनं बाजारात भेटल्यावर हळू आवाजात सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरेना. ती बाई मला कधी भेटली नाही. भेटली असती तर जेवायलाच बोलावलं असतं.