कोरलचे गुडघे

कोरल ट्रँटरच्या कामाच्या पँटला दोन्ही गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेले होते. जुन्या खोगिराचं चामडं. ते तिनं स्वतः कापलं होतं आणि दाभणानं शिवलं होतं. दोन वर्षांत एक जोड झिजायचा. मी तिला ओळखत होतो तेवढ्या काळात तिनं सात जोड झिजवले.

लाव्हाची भुयारं पाहायला येणाऱ्या लोकांची ती वाटाड्या होती. आमच्या लॉजवर लोक सुट्टीला येत, पोराबाळांसकट. जुने लाकडी रेल्वेडबे ट्रकवर घालून इथं आणले होते, त्यांत झोपत. त्या डब्यांखालचे खुंट मी बसवले. रूळ नाहीत, स्टेशन नाही, चारी बाजूंना वाळलेलं गवत आणि त्यात उभी गाडी. पहिल्या सकाळी पोरं खिडकीतून बाहेर बघत आणि रूळ शोधत.

रोज सकाळी, पहिली फेरी निघायच्या आधी, कोरल एकटी मोठ्या भुयारात उतरायची. चौऱ्याऐंशी पायऱ्या. खाली गेली की गुडघ्यांवर बसायची आणि फळ्यांच्या वाटेवरून तशीच गुडघ्यांवर शेवटपर्यंत जायची. हातात साधा लायटर, हनुवटीच्या उंचीवर पेटवलेला. जायला पस्तीस मिनिटं. यायला ती उभी राहून यायची, कारण तोवर तिला हवं ते कळलेलं असायचं.

पाहुणे लोक हसायचे. "कोरल, चर्च तिकडं गावात आहे गं!" असं कुणीतरी दर सुट्टीत म्हणायचंच.

"तिथं पाद्री उभा असतो," ती म्हणायची. "मला पोरांच्या उंचीवरचं काम आहे."

कारण असं. भुयाराच्या तळाशी कधी कधी वाईट हवा साठते. पावसाळ्यात, म्हणजे इकडं डिसेंबर ते मार्च, पालापाचोळा वाहून आत जातो, कुजतो, त्याची हवा जड असते. वास नाही, रंग नाही. पाण्यासारखी खालच्या जागी साचते. उंच माणूस तिच्यात कमरेपर्यंत उभा असतो आणि त्याला पत्ता नसतो. त्याच्या शेजारचं पोर तिच्यात बुडालेलं असतं.

ज्योतीला मात्र कळतं. चांगल्या हवेत ती लायटरच्या तोंडावर बसते. हवा बिघडली की उचलली जाते. लायटर खाली, ज्योत वर, मध्ये एक बोट अंधार. कशालाही न टेकता जळत राहते. मग विझते. मी ते चार वेळा पाहिलं आहे. पाचव्यांदा पाहायची इच्छा नाही.

वाट आधी एकशे ऐंशी मीटर होती. त्यापुढं भुयार उतरत जातं आणि शेवटी एक खळगा आहे. खळग्यावर छतातून झाडांची मुळं दोरखंडासारखी लोंबतात. लोकांना तिथवर जायचं असे. लॉजचा नवा मॅनेजर ग्रँट किनाऱ्याकडचा, उंच, कामसू माणूस. त्यानं मला बोलावून सांगितलं, "लेस, अजून चाळीस मीटर वाढव."

मी काम घेतलं. दोनशे अठ्ठावन्न फळ्या, आयर्नबार्कच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात टणक लाकडाच्या. एक साडेसात किलोची. आत यंत्र नेता येत नाही, म्हणून खांद्यावरून. एका खेपेला चार. प्रत्येक फळीला पान्यानं पिळायचे चार स्क्रू, एकूण एक हजार बत्तीस, आणि एकही वाकडा नाही. अकरा आठवडे लागले. तेव्हा कोरडे दिवस होते आणि हवा साफ होती.

एका दुपारी कोरल खाली आली. मी अर्ध्या फळ्या मारून पाव खात बसलो होतो. ती शेजारी बसली आणि पुढच्या अंधारात बोट दाखवून म्हणाली, "त्या खळग्यात माझे वडील गेले."

मी चावायचं थांबलो.

"पंचावन्न साली. मी सात वर्षांची होते. आमचा कुत्रा एका वॉलबीमागं, छोट्या कांगारूमागं, आत पळाला. ते मला घेऊन आले. तिथं डाव्या भिंतीत कट्टा आहे, बघ. त्याच्यावर मला बसवलं आणि म्हणाले, इथंच बस, खाली उतरायचं नाही. कुत्रा खळग्यात पडला होता, झोपल्यासारखा. ते चालत गेले. कंदील हातात. उभे होते तोवर ठीक होते. कुत्र्याला उचलायला वाकले आणि कंदिलाची ज्योत वातीवरून उठली. वातीच्या वर बोटभर, अधांतरी. मला ते फार सुंदर वाटलं. मग अंधार."

"मग?"

"मग काय? बस म्हणाले होते, मी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आला."

ती उठली, चामडं झटकलं. "फळ्या छान बसवल्यास. पण एवढ्यावर थांब."

मी थांबलो नाही. काम घेतलं होतं, आणि निम्मं काम सोडून उठणारा माणूस मी नव्हतो. हे मी तेव्हा अभिमानानं सांगत असे.

त्या वर्षी पाऊस फार झाला. ईस्टरच्या सुट्टीला लोक आले तेव्हा भुयाराच्या भिंती अजून पाझरत होत्या. त्यांत डेलाहंटी कुटुंब होतं, मलांडाकडचे दूधवाले. दर ईस्टरला येत, तोच डबा मागून घेत. बाप रॉस, आई ज्युली, आणि पाच वर्षांची इमी, जी कोरलच्या मागं मागं फिरायची आणि चामड्याचे तुकडे मागायची.

गुड फ्रायडेच्या सकाळी कोरल वर आली ती सरळ ग्रँटकडं. मी तिथंच चहा घेत होतो.

"नवीन वाट बंद ठेव. शेवटच्या सत्तर फळ्यांवर ज्योत बसत नाही."

ग्रँटनं छातीच्या खिशाला लावलेला, वाईट हवेत ओरडणारा पिवळा मीटर दाखवला. "मी काल संध्याकाळी जाऊन आलो. हे गप्प होतं. कोरल, हे यंत्र तुझ्या लायटरपेक्षा शहाणं आहे."

"शहाणं असेल. पण ते तुझ्या छातीवर आहे, आणि तू सहा फूट दोन."

ग्रँट माझ्याकडं वळला. "लेस, तुझं काय?"

मला विचारलं ते फळ्यांबद्दल असं मी धरलं. म्हणालो, "फळ्या पक्क्या आहेत." माझ्या वाटेवरून लोक चालताना मला बघायचे होते. खरं कारण तेवढंच.

कोरलनं माझ्याकडं पाहिलं. "फळ्या पक्क्याच असणार," ती म्हणाली. "तूच मारल्यात."

फेरी निघाली. अकरा माणसं, पुढं ग्रँट, मागं मी. माझ्या मागं वीस पावलांवर कोरल, गुडघ्यांवर, मोठा दिवा पट्ट्याला अडकवून. "मी येणार," एवढंच ती म्हणाली होती. तिच्या चामड्याचा फळ्यांवर घासल्याचा आवाज मला सतत येत होता.

नवीन वाटेवर पाय पडला तशी रॉसनं फळीवर टाच आपटली. "दगडासारखी आहे रे. कुणाचं काम?"

"माझं," मी म्हणालो. मला बरं वाटलं.

पुढं इमीनं जांभई दिली. मग अजून एक. ज्युली म्हणाली, "रात्रभर उड्या मारल्या डब्यात, आता झोप येते होय?" सगळे हसले. मागचा घासण्याचा आवाज थांबला.

"ग्रँट," कोरलचा आवाज आला, "मागं फिर."

"मीटर गप्प आहे, कोरल."

"फिर म्हणते ना!"

"दोन मिनिटं. टोकाला आलोच आहोत."

टोकाला आम्ही पोचलो. कठड्यापलीकडं खळगा, वर लोंबती मुळं. ग्रँटनं नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता सगळ्यांनी टॉर्च बंद करा. एक मिनिट बोलायचं नाही. खरा अंधार कसा असतो ते बघा." सगळीकडं हे करतात. लोकांना आवडतं.

टॉर्च एकेक करून बंद झाले. असा अंधार बाहेर कुठं नसतो. डोळे उघडे की मिटलेले ते कळत नाही. माझा श्वास जोरात चालला होता, जिना चढून आल्यासारखा, आणि मी तर उभा होतो.

अर्ध्या मिनिटानं ग्रँट म्हणाला, "कुणाचा टॉर्च चालू आहे? बंद करा."

उजेड दिसत होता. पिवळा, छोटा. पण तो आमच्यात नव्हता. तो खाली होता. खळग्यात.

"तो इमीचा आहे," ज्युली म्हणाली. मग ओरडली, "इमी!"

सगळे टॉर्च एकदम पेटले. इमी आईजवळ नव्हती. वाटेवरही नव्हती. खळग्याच्या तळाला लहान टॉर्च पडला होता आणि त्याचा उजेड दगडावर गोल पसरला होता. रॉस कठड्याकडं धावला, मी त्याला मागं ढकललं, कारण मी जवळ होतो आणि कठडा माझा होता. एक पाय मी पलीकडं टाकला. वाकलो. पाय जड झाले, माझे नसल्यासारखे. टॉर्च फार सुंदर दिसत होता.

"लेस! वाकू नकोस!"

मी जिथं होतो तिथं थांबलो. कोरल उभी होती. तिनं आपला मोठा दिवा खळग्यात मारला नाही. कुठं शोधलंही नाही. सरळ डाव्या भिंतीवर मारला.

कट्ट्यावर इमी बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, हात मांडीवर, पाय खाली सोडलेले. डोळे उघडे. इतका वेळ अंधारात ती तशीच बसली होती आणि रडली नव्हती.

कोरल म्हणाली, "रॉस, वाटेवरूनच हात लांब कर, तिच्या खांद्यापर्यंत पोचशील. डोकं वर ठेव. उचल." रॉसनं उचललं. "आता सगळे चला. पळायचं नाही. पोरं खांद्यावर घ्या."

पायऱ्यांखाली चांगल्या हवेत इमी दोनदा ओकली आणि मग तिच्या तोंडावर रंग आला. ज्युलीनं तिला घट्ट धरलं होतं. "कशाला चढलीस गं तिथं? कशी चढलीस?"

"बस म्हणाले," इमी म्हणाली. "खाली उतरायचं नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

पोरीनं परत जांभई दिली. ज्युलीनं कोरलकडं पाहिलं. तिला वाटलं, कोरलनंच सांगितलं असणार. कोरल त्या वेळी वीस पावलं मागं होती. तिनं ज्युलीला दुरुस्त केलं नाही आणि पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. चामड्यावरची माती झटकत राहिली.

ऑगस्टमध्ये हवा साफ झाल्यावर मी टेप घेऊन गेलो होतो, म्हणून आकडे सांगतो. कट्टा जमिनीपासून चार फूट नऊ इंच. वाटेच्या कडेपासून कट्ट्यापर्यंत मोकळी जागा अडीच फूट. दगड गुळगुळीत, पाय ठेवायला खाच नाही. मी स्वतः चढून पाहिलं. दोन्ही हात लागले आणि कोपर सोलला. इमी तेव्हा तीन फूट पाच इंच होती, डब्याच्या दारावर ज्युलीनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. अंधार होता एक मिनिटाचा. याच्या पुढं मला मोजता येत नाही.

ग्रँट वाईट माणूस नव्हता. त्या दिवसापासून मीटर त्यानं दोरीला बांधून पायाशी धरला, आणि तो ओरडलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. वाटेवर त्यानं साखळी लावली, पाटी लावली. कोरलला ते पुरेना.

"फळ्या दिसल्या की पाय जातात," ती मला म्हणाली. "काढ, लेस."

"अकरा आठवड्यांचं काम आहे, कोरल."

"माहीत आहे. मी रोज त्याच्यावरून गुडघ्यांवर जाते. तुझ्या कामाची मला जेवढी माहिती आहे तेवढी तुलाही नसेल."

जूनच्या सुट्टीआधी काढायचं ठरलं. सुरुवात टोकापासून करावी लागते, नाहीतर परतायला वाट राहत नाही. म्हणजे सगळ्यात वाईट हवेतली फळी सगळ्यात आधी. कोरलनं मला चामड्याचा नवा जोड दिला. ती स्वतः कट्ट्यावर बसली. पंचावन्न सालानंतर पहिल्यांदा. मी तिला हात दिला, पण तिनं नुसतं माझ्या खांद्यावर टेकून स्वतःला वर घेतलं. पाय खाली सोडले. लायटर पेटवून लांब हातानं माझ्या डोक्याजवळ धरला.

"मी विचारीन कितवा, तू सांगायचं. गप्प राहायचं नाही."

"हो बाई."

मी गुडघ्यांवर बसलो. खळग्यात इमीचा टॉर्च होता, कधीचा विझलेला. पहिला स्क्रू निघाला.

"कितवा?"

"पहिला."

डबीत टाकला. दुसरा घट्ट होता. मी बसवलेला स्क्रू सहज निघत नाही.

"कितवा?"

"दुसरा."

तिसऱ्याला वेळ लागला. हाताला पाना हलका वाटत होता आणि मला छान वाटत होतं, रविवारच्या दुपारी वाटतं तसं. तो निघाला, डबीत वाजला. मी पाना पुढच्यावर ठेवला.

"कितवा, लेस?"

"दुसरा."

"परत सांग."

"दुसरा म्हटलं ना!"

"वर ये," कोरल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाना टाक आणि उभा राहा. आत्ता. डोकं वर."

मी उभा राहिलो. वर तोंड केलं आणि तिच्या लायटरकडं पाहिलं. ज्योत लायटरवर नव्हती. बोटभर वर, एकटीच, शांत.

चाळीस वर्षांत स्क्रू मोजताना मी चुकलो नव्हतो.

बाकीच्या दोनशे सत्तावन्न फळ्या मी काढल्या. ऑगस्टमध्ये, ज्योत टिकायला लागल्यावर, टोकाकडून मागं येत. खांद्यावरून, एका खेपेला तीन, कारण मी तेव्हा साठीचा झालो होतो. पहिली फळी टोकाच्या दोन खांबांवर एका स्क्रूवर राहिली. ऑगस्टमध्ये ती दोन मिनिटांत निघाली असती. पाना घेऊन मी निघालो होतो.

"राहू दे," कोरल खळग्याकडं बघत म्हणाली. "त्यांना बसायला होईल."

ती अजून नऊ वर्षं गुडघ्यांवर गेली, मग गुडघेच गेले. शेवटची काही वर्षं डेलाहंटींची इमी ईस्टरला तिच्या मागून तशीच जायची, पुढं लायटर धरून. तिच्या पँटला कोरलनं शिवलेलं चामडं होतं. आता कोरल नाही. मी काम सोडलं आहे. शेडमध्ये डबी आहे. तिच्यात एक हजार एकतीस स्क्रू आहेत.