आधी मिस्त्रीचं विचारा

लातुरात मला माणसात घेतलं ते मिस्त्रीचाचांनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस तर लेकरासारखा रुसणारा.

रुसायचेच ते. टँकर भरायच्या विहिरीवर इंजिन त्यांच्याकडं होतं. कुणी टाकून बोललं की पाना पेटीत टाकायचे, पेटीवर बसायचे आणि इंजिनाकडं पाठ करायचे. मग ठरलेलं बोलणं, "इंजिनाची खबर घ्यायला सगळे येतेत. मिस्त्री जिता हाय का मेला, कुणी इचारना."

जिल्हा नवा झाला होता, हापिसं भाड्याच्या खोल्यांत होती आणि पावसाचा पत्ता नव्हता. मी लोह्याकडचा, सहावीत शाळा सोडलेला. रोजंदारीवर टँकर चालवायला आलो. पहिल्या दिवशी चाचांना 'जय भीम' घातला आणि त्यांच्या सुरईपुढं ओंजळ धरून बसलो. वरून कुणीतरी ओतावं, ही गावाकडची सवय. चाचा माझ्या ओंजळीकडं बघत राहिले. त्यांचेच डोळे भरले.

"हात खाली घे बेटा. गिलास हाय की. सोता घे."

मी पाणी प्यालो, ते नाक पुसत बसले.

असे ते हळवे. बाकीचे डायवर म्हणायचे, "चाचाला रडवा रे, हीर भरंल!" चाचाही हसायचे. पण त्या दुपारी त्यांचा डबा उघडायचा नाही. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल. आठवून बघा.

एका सकाळी पंप पाणी उचलेना. टँकरची रांग लागली. नवे साहेब जीपमधून उतरता उतरताच ओरडले, "पंप बंद का? गावं बोंबलून राहिलीत! झोपा काढता काय?"

चाचा नुकतेच विहिरीतून वर आले होते, चिखलानं माखलेले. पाना पेटीत, स्वतः पेटीवर, पाठ इंजिनाकडं.

"याला आजच काढतो," साहेब म्हणाले. "दुसरा मिस्त्री बघा."

बोललो तर माझी रोजी जाणार, गप बसलो तर चाचांची. मी चाचांपुढं उकिडवा बसलो. पंपाचं काढलंच नाही.

"चाचा, लागलं का कुठं?"

त्यांनी मूठ उघडली. दोरानं तळहात सोलून निघाला होता.

"तळाला गाळ धरला होता. काढला म्या. आता हँडल मारलं की पानी येतंय. पन झोपा काढतो म्हनला रे मला."

मी साहेबांकडं गेलो. "साहेब, पंप दुरुस्त हाय. फकस्त तुमी पंपाचं इचारू नका. त्यांच्या हाताचं इचारा."

"मी काम बघू का लाड करू?"

"काम बी त्याच वाटंनं जातंय, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मनात म्हटलं, गेली रोजी. मग त्यांनी टँकरच्या रांगेकडं पाहिलं. चाचांजवळ गेले.

"मिस्त्री, हात दाखवा बरं."

चाचांनी मूठ आवळली. साहेब इस्त्रीच्या पँटीत खाली बसले.

"विहिरीत उतरलात? एकटेच?"

चाचांनी मूठ उघडली. "एकटाच, साहेब."

साहेबांनी आपला रुमाल त्या हाताला बांधला. चाचा उठले, दुसऱ्या हातानं हँडल मारलं. पाणी आलं.

उन्हाळा सरता सरता विहीरच आटली. मी तेव्हा देवणीकडच्या खेपांवर होतो. परतलो तर इंजिनाच्या जागी नुसते बोल्ट आणि तेलाचे डाग. साहेबांचीही बदली झालेली.

"वरनं हुकूम आला, इंजिन उचलून न्हेलं," डायवर म्हणाले. कुठं नेलं, कुठल्या विहिरीवर बसवलं, सगळं त्यांना ठाऊक होतं.

"आन् चाचा?"

त्यांचा पत्ता कुणालाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, उदगीरला लेकीकडं गेले असतील.

इंजिन नेलं त्या दिवशी ते पेटीवर पाठ करून बसले असतील. किती वेळ, कोण जाणे. पुढं येऊन कुणी बसलं नसेल.

आता मी लांब, परक्या शहरात टँकर चालवतो. ग्लासानं पाणी पितो. एक दिवस उदगीरच्या स्टँडावर उतरीन, गल्लोगल्ली विचारत फिरेन. चाचा भेटले की आधी त्यांच्यापुढं उकिडवा बसेन, हात बघेन, पाणी देईन. मग ते बोलतील तितका वेळ ऐकेन. इंजिनाचं नावही काढणार नाही.