एकाच साक्षीदाराच्या चाळीस खोल्या

फरशीवाला बोलायला भारी कंजूष. बायको गेल्यापासून घरात आवाज काय तो भांड्यांचा. एकुलती एक लेक परमुलखात कॉलेजात गणित शिकवायची. अधूनमधून तिचा फोन यायचा. जेवलात का? जेवलो. तब्येत? ठणठणीत. दोन मिनिटांत विषय खलास! मग हा गडी तासभर फोन हातात धरून बसायचा. लेकीच्या आठवणीने घास उतरायचा नाही, पण तिला तसं सांगेल तर शपथ.

एकदा खोल्यांमध्ये या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पितळी पट्टी बसवायचं काम मिळालं. पट्टीखाली येणारी प्रत्येक फरशी कापावी लागते. किती कापायच्या, याचा त्याने नियम ताडला: लांबीतल्या फरशा अधिक रुंदीतल्या, वजा एक. रविवारी आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून फोन लावला आणि नियम चाळीस खोल्यांत जमल्याचं सांगितलं. खोल्यांचं माप काय, असं लेकीने विचारलं. एकाच इमारतीतल्या, सगळ्या नऊ बाय सात फरशांच्या.

"मग तो एकच साक्षीदार झाला बाबा, चाळीसदा बोलावलेला. जिथे नियम मोडेल असं वाटतं तिथे बघा. सहा बाय चार घ्या."

त्याने अंगणात खडूने आखून पाहिलं. नियमाने नऊ हव्या होत्या, भरल्या आठ. रेघ मधेच चार फरशांच्या नेमक्या कोपऱ्यातून गेली होती. म्हातारा हिरमुसला, पण हटला नाही. आठवड्याभरात नियम सुधारला: एकाऐवजी, ज्याने दोन्ही आकड्यांना भाग जाईल असा मोठ्यात मोठा आकडा वजा करायचा. मग दर रविवारी वेगळ्याच मापाची एक खोली. लेक म्हणायची, विश्वास थोडा वाढला, खात्री नाही. बोलणं अर्धा अर्धा तास चालायचं. ओघात आईच्याही गोष्टी निघायच्या.

एके दिवशी गुडघे टेकून रेघ उमटवायला दोरी मारताना त्याला लख्ख उमगलं. रेघ सांधा ओलांडते तेव्हा एक नवी फरशी कापते. कोपऱ्यातून गेली तर दोन सांधे एका दमात ओलांडते, म्हणून तेवढ्या कमी. बस्स, एवढंच! आता कुठल्याही खोलीत नियम चुकणं शक्यच नव्हतं. मोजायला काही उरलंच नाही, मग आता रविवारी फोन कशासाठी लावायचा?

रविवारी ते कारण मनातच ठेवून तो म्हणाला, "पंधरा बाय सहा. अठरा. जमलं."

गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक नसेल होय?

"अजून खात्री नाही, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आणखी एक खोली सांगा."

तो "सांगतो" म्हणाला, आणि मग दोघांपैकी कोणी फोन ठेवेना.