समुद्रकाठच्या थिएटरात आई

आई शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. प्राचीन ग्रीक नगरं हा तिचा सगळ्यात आवडता धडा, पण ग्रीकांचा एक दगडही तिने कधी पाहिलेला नव्हता. म्हणून माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांनी दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे तुर्कस्तानची टूर बुक केली. भूमध्य समुद्राच्या काठावर ग्रीकांनी वसवलेलं एक गाव आहे, तिथल्या अवशेषांसाठी अख्खी सकाळ ठेवलीय, असं एजंटने सांगितलं होतं.

प्रत्यक्षात बसमधून उतरता उतरताच गाइड म्हणाला की तिथलं प्राचीन दगडी थिएटर बाहेरूनच बघा, फोटो काढा, मग लेदरच्या शोरूमला जायचंय. बसमध्ये सगळी दुबई-शारजातलीच कुटुंबं. आपापसात कुरकुर झाली, पण त्याला विचारलं कुणीच नाही. आईनेही नाही. ती सरळ तिकीट-खिडकीशी गेली, आमची तिघांची तिकिटं काढली आणि आत शिरली. मी तिच्या मागे. बाबा गाइडची समजूत घालत बाहेरच थांबले.

दगडी पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. वरच्या रांगेत पोचलो तर पलीकडे एकदम समुद्र. आई मला सांगायला लागली, की ग्रीक लोक थिएटर टेकडीच्या उताराला टेकवून बांधायचे; इथे टेकडीच नाही, म्हणून मागून आलेल्या रोमनांनी ते कमानींवर उभं केलं. आमच्यामागून बसमधली चार-पाच माणसं आली होती, तीही बसली. मग आई हिंदीत बोलायला लागली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी घरी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात गाइड पहारेकऱ्याला घेऊन आला. लायसन्स नसलेल्या माणसाने इथे माहिती सांगायची नाही, तसा नियम आहे, असं म्हणत गाइड आईवर सगळ्यांदेखत ओरडला. त्याच्यामागून बाबा धापा टाकत वर आले आणि त्यांनी त्याच्यापुढे चक्क हात जोडले.

"सॉरी सर. शी इज ओन्ली अ टीचर."

मग मराठीत आईला म्हणाले, "अगं, गप्प बस ना. परक्या देशात आहोत आपण."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. शारजात अल मजाजच्या सिग्नलवर दुसऱ्याने आमच्या गाडीला ठोकलं, तरी खाली उतरून सॉरी म्हणाले ते बाबाच. ऑफिसात साहेब ओरडला की 'खलास सर, खलास', म्हणजे झालं, मिटलं. पण तो राग मी गिळायचे; घर त्यांच्या पगारावर चालत होतं, शारजातला आमचा व्हिसाही त्यांच्या नोकरीवरच होता. इथे कसला पगार?

आई शांतपणे म्हणाली, "परक्या देशात आपण रोजच असतो. इथे मी तिकीट काढून आले आहे. मी निघणार नाही."

गाइड म्हणाला, बस थांबणार नाही. बाबा मला म्हणाले, "यल्ला, तू तरी चल."

"आय ॲम नॉट गोइंग," मी म्हणाले.

बाबा गेले. आम्हाला तिथे सोडून ते खरोखर त्या बसमधून शोरूमला गेले.

आता पूर्ण सकाळ आमची होती. समुद्राच्या अगदी कडेला देवळाचे पांढरे खांब उभे होते, आम्ही तिथेही गेलो. पण आईने आता कशाचीच माहिती सांगितली नाही. मी खोदून खोदून विचारलं, तरी 'बघ तूच' एवढंच. तिची सकाळ त्या दोघांनी मिळून नासवली होती. गाइडला मी तेव्हाच माफ केलं असतं, तो त्याच्या कमिशनच्या मागे होता. बाबा कशाच्या मागे होते?

मिनीबसने हॉटेलवर परतलो तर बाबा खोलीत होते. आईसाठी लेदरची पर्स आणली होती. तिने ती हातातही घेतली नाही.

"ओन्ली म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

"मी तुला वाचवत होतो. पोलिसांचं लफडं झालं असतं, व्हिसा गेला असता..."

"इथे कोणाच्या हातात आहे आपला व्हिसा?"

पर्स हॉटेलच्या कपाटातच राहिली, आणि शारजाला पोचेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आता आई ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगते, गाइडची नक्कल करते. बाबाही हसतात, वर म्हणतात, मी केलं ते बरोबरच होतं. त्यावर मी अजूनही ताटावरून उठून जाते.