नखांचा रंग

आईने आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती. परवा भाचीच्या लग्नाला निघताना मात्र म्हणाली, "तुझं ते लाल नेलपॉलिश मला लाव गं." मला कौतुक वाटलं. तिचा हात हातात घेतला तेव्हा कळलं, तिला नखांचा निळेपणा झाकायचा होता.

चुलीच्या धुराने तिची छाती केव्हाच खाल्ली. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत, पण रोज चाललात तर रक्तवाहिन्या तरी लवचिक राहतील. म्हणून ती गॅलरीत चालते. चार पावलं, मग कठडा धरून दम खाणं, पुन्हा चार पावलं. मला ते मूळ सडलेल्या झाडाची पानं पुसत बसल्यासारखं वाटतं. तिला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. जे गेलं त्याला हात लावता येत नाही, म्हणून माणूस त्याच्या शेजारच्याची निगा राखत राहतो.

लग्नाहून परतल्यावर तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा येईना. रंगामुळे असेल म्हणून मी कापसाने एक नख पुसलं. खाली तोच निळा, जरा गडदच झालेला. मग आकडा आला. तिने तिकडे पाहिलं नाही.

"कुणाच्या लक्षात आलं नाही ना?"

"नाही."

मी दुसऱ्या बोटाकडे वळले, तशी तिने हात पदराखाली घेतला.

"बाकीची नऊ राहू देत," ती म्हणाली. "दोन दिवस तरी."